चौदा नंबरचा आवाज

मंगळवार, ३ मार्च

खुडबुड्या,

फोन केला असता तर तू सभ्यपणे बोलला असतास, त्यानं माझं डोकं फिरलं असतं आणि मुद्दा बाजूला राहिला असता. म्हणून लिहितेय. मेलवर असलं तरी हे पत्रच समज. उत्तर एका ओळीत दे.

शनिवारी तुमच्या कंपनीच्या फळीनं भर कार्यक्रमात मान टाकली. आई मागे उभी राहून वाचतेय आणि तिला सगळं समजायला हवं असतं, म्हणून तिच्यासाठी सांगते: फळी म्हणजे माझ्या पायाशी असते ती लांबट काळी वस्तू. गिटारची वायर तिच्यात जाते, पायानं बटण दाबलं की वेगवेगळ्या अँपचे, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या खोक्यांचे, आवाज निघतात. खरा अँप कुठेच नसतो, आतल्या आत त्याची नक्कल चाललेली असते. ही फळी धाकट्याच्या कंपनीत बनते. तिच्या आतलं जे शहाणपण आहे त्याला फर्मवेअर म्हणतात, आणि ते दर काही महिन्यांनी नवं करायचं काम हा तिथे बसून करतो. समजलं? समजलं म्हणतेय.

तर शनिवार. हॉटेलच्या लाउंजमध्ये नेहमीचे आम्ही तिघं, गायिका, पियानोवाला आणि मी. गाणं संथ होतं, ती अगदी हळू म्हणत होती, मी चौदा नंबरवर होते. अचानक फळीतून एकच सूर निघायला लागला, किटली उकळल्यासारखा, आणि कुठलंही बटण दाबलं तरी थांबेना. खिडकीजवळचा एक माणूस सूपचा चमचा तोंडाशी धरून माझ्याकडे बघत राहिला. शेवटी मी वायर उपटली. नंतर मॅनेजर म्हणाला, "मॅडम, हे वाद्य आहे की धोक्याचा भोंगा?" मी म्हटलं, कार्यक्रमावर अवलंबून आहे. तो हसला नाही.

हा दोष तुम्ही केव्हाच काढलाय हे मला माहीत आहे. नव्या आवृत्तीबरोबर तुमची जी टिपणं येतात ती मी सगळी वाचते. त्यात होतं, 'क्वचित प्रसंगी यंत्र अडकून एकच सूर वाजत राहण्याची अडचण दूर केली आहे.' टिपणं तू लिहितोस की दुसरं कुणी, कोण जाणे, पण 'क्वचित प्रसंगी' तुझं वाटलं. रेडिओ कुणी उघडला असं बाबांनी विचारलं की तू असंच बोलायचास.

पण आठ वर्षांत मी एकदाही अपडेट केलेलं नाही. तू गेलास त्या आठवड्यात जे फर्मवेअर होतं तेच आजही आहे. फळी सुरू केली की 'नवी आवृत्ती उपलब्ध' असं येतं आणि मी 'नंतर' दाबते. दात घासल्यासारखं रोज.

कारण तुला ठाऊक आहे. चौदा नंबर, म्हणजे बाबांचा अँप. अँप तू नेलास आणि त्याच्या आवाजाची नक्कल माझ्या फळीत भरून गेलास. आता तुमच्या ताज्या टिपणात दोन वाक्यं आहेत. 'अँपच्या आवाजांचं गणित नव्यानं मांडलं असून जुने आवाज पूर्वीपेक्षा नैसर्गिक वाटतील.' आणि खाली बारीक अक्षरात, 'या अपडेटनंतर मागच्या आवृत्तीवर जाता येणार नाही.'

मला एवढंच सांग, अपडेट केलं तर चौदा नंबरचं काय होईल?

ताई


सोमवार, ९ मार्च

खुडबुड्या महाशय,

एक ओळ मागितली होती. तू अडीच पानं लिहिलीस आणि त्यातली दोन पानं गणित. आई म्हणाली, "हुशारच आहे तो." मी म्हटलं, आई, त्यानं अजून उत्तर दिलेलं नाही.

उत्तर शेवटच्या परिच्छेदात सापडलं. 'ताई, शक्यतो अपडेट करू नकोस.'

मी ते दोनदा वाचलं. खानावळवाल्यानं दारातच गाठून कानात सांगावं की आज इथे जेवू नका, तसं झालं. जगभरातल्या लोकांना तू अपडेट करा, करा म्हणून सांगतोस आणि मला म्हणतोस करू नकोस. नव्या गणितात चौदा नंबर 'जवळपास तसाच' वाजेल, पण तो नसेल म्हणतोस. बरं. हे मला वाटतच होतं.

पण खरं कारण तू त्याच्याही खाली लिहिलंस. बाबांच्या अँपचा ट्रान्सफॉर्मर दोन वर्षांपूर्वी जळाला. तू तो कुठल्याशा कारागिराकडे दिलास, त्यानं नवा बसवला. आता अँप छान वाजतो, फक्त बाबांसारखा वाजत नाही. आणि हे तू दोन वर्षं कुणाला सांगितलं नाहीस. म्हणजे आता तो आवाज जगात एकाच ठिकाणी उरलाय, माझ्या पायाखाली. म्हणून तू नवी फळी पाठवणार, तिच्यावर मी हॉटेलात वाजवायचं आणि जुनी 'कोरड्या जागी, नीट गुंडाळून' ठेवायची.

आता माझं ऐक.

बाबा गेले त्याआधी महिनाभर त्यांनी वाटणी केली ती तुला आठवतेय. पलंगावर बसून म्हणाले, "अँप खुडबुड्याला, आवाज हिला." सगळ्यांनी माना डोलावल्या, जशी काही फार शहाणपणाची गोष्ट झाली. बाबांनंतर घरात गिटार वाजवणारी मी. लहानपणापासून त्या अँपच्या समोर बसून ऐकणारी मी, कारण जवळ जाऊन नॉबला हात लावायची कुणाला परवानगी नव्हती. तू फार तर फ्यूज बदललेस. आणि खरी वस्तू मुलाला, मुलीला तिचा फोटो. माझ्या तोंडाला पानं पुसली, दुसरं काय. बाबांना तेव्हा बोलताना धाप लागायची म्हणून त्यांना काही म्हटलं नाही. तुला म्हटलं. जिन्यात उभं राहून म्हटलं, आणि तू अँप उचलून खाली उतरलास. त्यानंतर आपण वाढदिवसाचे दोन शब्द सोडून बोललेलो नाही.

आणि आता तू म्हणतोस की खरी वस्तूही खरी राहिली नाही. हसू की रडू ते कळत नाही, खरंच.

नवी फळी पाठवू नकोस. पाठवलीस तर दारातून परत जाईल. आणि गुंडाळून कशाला ठेवू? चौदा नंबर कपाटात आणि मी लाउंजमध्ये परक्या आवाजात, हा कुठला न्याय? मी रोज त्यावर वाजवते म्हणून तो आवाज आहे. कपाटात गेला की नुसती फळी. मला वस्तुसंग्रहालयाची राखणदार व्हायचं नाही, तेवढे पाय आता माझे चालत नाहीत.

ताई


रविवार, १५ मार्च

खुडबुड्या,

शुक्रवारी अडकली. काल परत अडकली, तीही गायिकेनं श्वास घ्यायला जागा सोडली होती नेमकी तिथे. चौदा सोडून दुसऱ्या नंबरवर गेले तरी तेच. बिचारीनं डोळे मिटून घेतले. रागावली असती तर बरं वाटलं असतं.

मॅनेजरनं कार्यक्रम झाल्यावर खुर्ची ओढून समोर बसवलं. माणूस वाईट नाही. म्हणाला, "मॅडम, मला तुमचं गिटार आवडतं. पण लोक इथे जेवायला येतात, दचकायला नाही." मग भिंतीकडे बोट केलं. तिथे नवा स्पीकर लागलाय, पांढरा, साबणाच्या वडीएवढा. त्यातून दिवसभर रेकॉर्ड केलेली गाणी वाजतात. "याला महिनाअखेरपर्यंत फक्त दिवसा ठेवतोय," म्हणाला. संध्याकाळचं काय ते त्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. तिघांचं काम आहे रे, माझ्या एकटीचं नाही. पियानोवाल्याला या वयात दुसरीकडे कोण उभं करणार?

त्याच पियानोवाल्यानं बाहेर पडताना मला झापलं. "अपडेट करून टाक ना. लोकांना पियानो आणि फ्रिज यांतला फरक कळत नाही, तुझा चौदा नंबर कुठून कळणार?"

"मला कळतो," मी म्हटलं.

"मग तू घरी बसून कळव स्वतःला."

घरी आल्यावर आईनं विचारलं. तिला आता एका कानानं कमी येतं, त्यामुळे सगळं दोनदा सांगावं लागतं, आणि दुसऱ्यांदा सांगताना आपलंच दुःख आपल्याला फालतू वाटायला लागतं. ऐकून घेऊन म्हणाली, "कर की मग नवं. माझ्या चष्म्याचा नंबर बदलला तेव्हा तुम्ही कुणी रडलात?"

मी दमलेय. आजची गोष्ट नाही ही. सकाळी शिकवण्या, एकामागून एक पोरं तीच तार चुकीची दाबणार, संध्याकाळी लाउंज, आणि आता वाजवताना अर्धं लक्ष सुरात आणि अर्धं पायाशी, की आता अडकेल, मग अडकेल. काल मी अख्खं गाणं फळीकडे बघत वाजवलं. बाबा असते तर म्हणाले असते, जमिनीवर काय सांडलंय? नोकरी टिकवायची की आवाज, एवढाच प्रश्न आहे, आणि तो मला झोपू देत नाही.

आवाज राखायचा म्हणून वाजवणंच सोडायचं, हे काही मला पटत नाही. उद्या सोमवार, लाउंजला सुट्टी. उद्या अपडेट करतेय. तुझी परवानगी मागत नाही, कळवते आहे. तूच शिकवलं होतंस, अपडेटच्या आधी प्रत्येक आवाजाचे नॉब कुठे आहेत ते कागदावर उतरवून घ्यावं. तेवढं करेन.

राग येईल तुला. येऊ दे.

ताई


सोमवार, १६ मार्च, दुपार

अपडेट केलेलं नाही. आधी हे वाच आणि मग ताबडतोब उठ.

जेवणं झाल्यावर स्वयंपाकघरातल्या टेबलावर फळी मांडली आणि एकेक आवाज उतरवायला बसले. एक ते तेरा झाले. मग चौदा. तुला खोटं वाटेल, पण आठ वर्षांत मी चौदा नंबर आतून उघडून पाहिलाच नव्हता. बाकीच्या आवाजांचे नॉब मी हजारदा फिरवलेत. हा फक्त पायानं लावायचा आणि वाजवायचा. हात लागला तर बिघडेल, ही भीती. कधीकधी तो लहानपणी ऐकला त्याहून पातळ वाटायचा. मी मनाशी म्हणायचे, नक्कल आहे, पातळच असणार.

आज उघडला. पडद्यावर बाबांच्या अँपसारखेच नॉब काढलेस तू, सुरेख काढलेस. बेस तीनवर. ट्रेबल सातवर.

बाबांचा बेस आठवर असायचा, खुडबुड्या. ट्रेबल चारवर. हे मला झोपेतून उठवून विचार. आईच्या लाल नेलपॉलिशचे ठिपके होते ना प्रत्येक नॉबभोवतीच्या आकड्यांवर, जिथे लावायचा तिथे. नॉब ठिपक्यावरून जरा सरकला की बाबा खोलीच्या दारातूनच विचारायचे, "कोण आलं होतं इथे?" आईला विचारलं, तर तिचं जुनं दुखणं वर आलं. "नवी बाटली होती माझी. लग्नाला जायचं होतं. तुझ्या बाबांनी अर्धी त्या खोक्यावर संपवली." म्हणजे ठिपके मला नुसते आठवतात असं नाही, ते होतेच.

मग तीन आणि सात कुठून आले?

मी सांगते कुठून. तू बदललंस. तुला वाटलं असेल ताईला काय कळतंय, थोडं स्वच्छ करून देऊ. रेडिओसारखं. आणि मी आठ वर्षं तुझ्या खुडबुडीला बाबांचा आवाज समजून बसले. तिच्यासाठी 'नंतर, नंतर' दाबत राहिले, किटलीसारखी वाजणारी फळी पायाशी घेऊन लोकांची बोलणी खाल्ली. गेले आठ दिवस जिवाला घोर लावून घेतलाय तो कशासाठी मग?

आत्ता अँपसमोर जा. ठिपके कुठल्या आकड्यावर आहेत ते बघ आणि मला कळव. आणि नक्कल उतरवलीस त्या दिवशी नॉबला कुणी हात लावला ते सरळ सांग. 'क्वचित प्रसंगी' नको.

ताई


बुधवार, १८ मार्च

खुडबुड्या,

काल तू फोन केलास ते बरं केलंस. पत्रात हे मी तुझं ऐकलं नसतं. पण फोनवर मला नीट बोलता आलं नाही, म्हणून आज परत लिहिते आहे. काय काय कळलं ते एकदा माझ्याच शब्दांत लिहून बघते, नाहीतर उद्या मला ते खरं वाटणार नाही.

आधी फोन आईनं उचलला. "कोण? आम्ही कुठल्या मेकॅनिकला बोलावलं नाही," म्हणत ती ठेवणारच होती. तू हसलास. तुझं हसणं बाबांसारखं झालंय, नाकातून. हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं.

ठिपके आठ आणि चारवरच आहेत म्हणालास. म्हणजे माझी आठवण बरोबर. आणि हात तू लावला नव्हतास.

त्या दिवशी तू अँपची नक्कल उतरवायला बसला होतास. सगळे नॉब ठिपक्यांवर लावून ठेवले होते. आवाज तपासायला तू माझंच वाजवणं आधी टेपवर घेतलं होतंस, नुसतं तारांचं, आणि ते अँपमधून सोडत होतास. तेवढ्यात बाबा भिंतीला धरत धरत खोलीत आले. रिकामं खोकं उलटं करून अँपसमोर बसले. थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाले, "ही बुडतेय."

तू म्हणालास, "बाबा, तुमच्या ठिपक्यांवरच आहे सगळं."

"म्हणूनच बुडतेय," असं म्हणाले ते. मग स्वतः वाकून बेस खाली आणला, आठवरून तीनवर, ऐकत ऐकत. ट्रेबल वर नेला. धाप लागली की थांबायचे, परत फिरवायचे. आणि म्हणाले, "माझा हात हलका आहे रे. म्हणून मला बेस अँपमधून घ्यावा लागतो. हिच्या बोटांतच आहे. मला टेकू लागतो, तिला लागत नाही." शेवटी उठताना म्हणाले, "हा आवाज तिला दे. अँप तू ने. आज ना उद्या तो मोडणार, उगाच तिच्या गळ्यात नको. तुला उघडता येतो, तिला वाजवू दे."

हे माझ्या तोंडावर एकदा बोलले असते तर त्यांचं काय गेलं असतं? मी जन्मभर त्यांच्यासमोर वाजवलं आणि जन्मभर एकच ऐकलं, "ठीक आहे. परत." तुला आठवतंय ना? चांगलं झालं तरी परत, वाईट झालं तरी परत.

मी तुला विचारलं, मग जिन्यात का नाही सांगितलंस? तू म्हणालास, "तू ओरडत होतीस, ताई. तू म्हणत होतीस, मला बाबांचा आवाज हवा, दुसरं काही नको. आणि तो त्यांचा नव्हताच." त्यांनी तुला बजावलं होतं म्हणे, "तिला तो माझाच वाटू दे, नाहीतर ती घ्यायचीच नाही." बरोबर ओळखलं त्यांनी. नसताच घेतला.

फोन ठेवल्यावर आईकडे वळले. म्हटलं, तुला हे माहीत होतं?

"होते ना मी तिथे. चहा मीच नेऊन दिला."

"मग आठ वर्षं गप्प?"

"तू विचारलंस का कधी?" म्हणाली आणि भाजी निवडत बसली. या घरात कुणी कुणाला विचारत नाही आणि मग सगळे एकमेकांवर रुसून बसतात.

मी रडले, हे स्पष्टच सांगते. बाबा गेले तेव्हाही इतकी रडले नव्हते, तेव्हा राग आड आला होता. माझी समजूत होती की मला नक्कल मिळाली. ती नक्कल नव्हतीच. ज्याची नक्कल करायची तसा अँप कधी वाजलेलाच नव्हता, त्या एका दुपारी माझ्यासाठी वाजला तेवढाच.

तुझी एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. ट्रान्सफॉर्मर जळाला तेव्हा तू अँप बाहेर कारागिराकडे का दिलास? तू, ज्यानं आईचं शिलाई मशीन चालतं की नाही हे बघायला आधी ते मोडलं. मी हे फोनवर विचारलंच. मग म्हणालास, "उघडायची हिंमत झाली नाही." आठ वर्षांत तू एकदाही मागचं झाकण काढलं नाहीस. वेळच्या वेळी आतून साफ केला असतास तर कदाचित जळलाही नसता, हे तूच म्हणालास. वाजवणारीनं नॉब फिरवला नाही आणि उघडणाऱ्यानं स्क्रू काढला नाही. त्यांनी आपापलं काम वाटून दिलं होतं, आणि आपण दोघं दिवाबत्ती केल्यासारखे त्यासमोर बसून राहिलो.

अपडेटचं अजून ठरलेलं नाही. तू फोन ठेवताना परत म्हणालास, "निदान आता तरी करू नकोस, बाबांनी स्वतः लावलेला आहे तो." मला विचार करू दे. आधी वाटत होतं की तो बाबांचा आहे म्हणून हात लावायचा नाही. आता वाटतं की त्यांनी माझ्यासाठी लावला म्हणून लावायचा नाही. म्हणजे आगीतून फुफाट्यात.

ताई


बुधवार, २५ मार्च

खुडबुड्या,

सोमवारी केलं.

तू काय म्हणशील ते मला माहीत आहे, म्हणून आधी कसं ठरलं ते सांगते. शनिवारी फळी परत अडकली. मी वायर काढली आणि बसून राहिले, उरलेलं गाणं पियानोवाल्यानं एकट्यानं निभावलं. तो वाजवत होता आणि माझे हात मांडीवर होते. तेव्हा बाबांचं वाक्य आठवलं, तिला वाजवू दे. बाबांनी लावलेला आवाज सांभाळायचा म्हणून मी त्यांनी सांगितलेली एकच गोष्ट करत नव्हते. मग ठरायला वेळ लागला नाही.

अपडेट चालू असताना वीज जाऊ नये म्हणून आईनं मेन स्विचखाली खुर्ची टाकली आणि पहारा दिला. शेजारीण काहीतरी मागायला आली तर तिला म्हणाली, "आत्ता नाही, मुलीचं ऑपरेशन चाललंय." शेजारीण घाबरून पाणी घेऊन आली.

संपलं. चौदा नंबर जागेवर होता. वाजवला. जाड, फुगलेला, घोंगडीखालून आल्यासारखा आवाज. तुमचं ते नैसर्गिक. तुला फोन करून चार शब्द सुनवावेत असं मनात आलं.

मग म्हटलं, ही बुडतेय.

चौदा नंबर उघडला आणि बेस खाली आणला. दोनवर. मग जरा वर, अडीचच्या आसपास. ट्रेबलला हात लावला, परत सोडला, परत लावला. वाजवायचं, ऐकायचं, फिरवायचं. चहा दोनदा गार झाला. आईनं मध्येच दारातून विचारलं, "कोण आलंय तिथे?" ती मुद्दाम म्हणाली की सहज, देव जाणे. शेवटी एका जागी आवाज बसला. जुन्यासारखा नाही रे. जुन्याच्या जवळपासही नाही, खरं सांगायचं तर. पण माझी बोटं त्यात स्पष्ट ऐकू येत होती, आणि मी मनातल्या मनात म्हटलं, ठीक आहे, परत.

काल लाउंजमध्ये तीन तास वाजवलं. एकदाही अडकली नाही. मी जमिनीकडे बघितलं नाही. मॅनेजर जाताना भिंतीवरचा तो साबण स्वतःच्या हातानं बंद करून गेला. पियानोवाला वायर गुंडाळताना म्हणाला, "आज काय केलंस?" म्हटलं, काही नाही, जरा हात फिरवला. "आठ वर्षं काय करत होतीस मग," म्हणाला. या माणसाला पियानो आणि फ्रिज यांतला फरक नक्की कळतो.

तुझं मन मोडायचं नव्हतं म्हणून अपडेटच्या आधी एक केलं. जुन्या चौदावर, बाबांनी लावला होता तसाच ठेवून, एकदा शेवटपर्यंत वाजवलं आणि टेप केलं. सोबत जोडलंय. मध्ये कुकरची शिट्टी आहे, तिचं वाईट वाटून घेऊ नकोस. ऐक, पण त्यात बाबांना शोधू नकोस. तेही दुसऱ्या कुणाला तरी ऐकत होते तेव्हा.

आता तुझं काम. अँपचं मागचं झाकण काढ. त्या कारागिरानं आत काय केलंय ते बघ, तुला पटणार नाहीच, मग तुझ्या पद्धतीनं कर. बिघडला तर बिघडू दे, तो तुला त्यासाठीच दिलाय.

मे महिन्यात सुट्टी आहे म्हणाला होतास. ये, आणि अँप घेऊन ये. मी त्या अँपवर स्वतःच्या हातानं एकही नॉब कधी फिरवलेला नाही. माझ्या बोटांना खऱ्या अँपवर किती बेस लागतो ते मला बघायचंय. बाबांचे ठिपके पुसू नकोस, राहू देत तिथेच. आईनं नेलपॉलिशची बाटली काढून ठेवलीय. या वेळी रंग मी निवडलाय.

ताई